पटावर पंच्याऐंशी

१४ नोव्हेंबर २०११, सोमवार

सहकार्य! आज हा शब्द एकोणीस वेळा ऐकला. मोजला — मुख्याध्यापक झाले तरी मूळची गणिताची बाई, दुसरं काय करणार.

नवे नगराध्यक्ष शाळेत आले होते. नवे म्हणजे आपला यावोर. सातवीत अपूर्णांकांची बेरीज करताना वरचे आकडे वरच्यात आणि खालचे खालच्यात मिळवायचा, तोच. आता दोल्ना लिस्काचं अंदाजपत्रक मांडणार. देव गावाचं भलं करो.

टाय लावून आला होता. मी 'बस' म्हणेपर्यंत उभाच. मग फाइल उघडली — 'नगरपालिका व शाळा सहकार्य करार'. बारा कलमं. पहिलं: उभय पक्ष एकमेकांना सर्वतोपरी मदत करतील.

"तू काय देणार आहेस?" मी विचारलं.

"सध्या तरी... सदिच्छा, बाई."

"आणि घेणार काय?"

"दुसरा मजला."

उघड्याकडे गेलं नागडं, रात्रभर थंडीनं मेलं! नगरपालिकेचं बॉयलर तेलावर चालतं, आणि आधीच्या नगराध्यक्षांनी टाकीत फक्त गाळ आणि शुभेच्छा शिल्लक ठेवल्यात. आमचं बॉयलर लाकडावर. जंगल त्यांचं, बॉयलर आमचं. तर म्हणे दोघांनी एकाच इमारतीत बसायचं, लाकूड ते पुरवणार, ऊब सगळ्यांना.

चूक शोधायला तीनदा वाचलं. सापडली नाही. तेच जास्त खटकलं.

१५ नोव्हेंबर

सही केली. न करून सांगते कुणाला? आमच्या लाकडाच्या कोठीत पंधरा दिवसांचं सरपण आहे आणि हिवाळा चार महिन्यांचा.

शिवाय जिल्ह्याहून पत्र आलंय. २९ फेब्रुवारीला पट मोजणार. पंच्याऐंशी मुलं असली तर शाळा पुढची तीन वर्षं चालू. चौऱ्याऐंशी असली तर बंद — मुलांनी बसनं सत्तावीस किलोमीटर जायचं, घाट चढून. आमच्याकडे शहाऐंशी. एक जास्तीचं! एवढी श्रीमंती अंगी लागायची नाही.

२१ नोव्हेंबर

स्थलांतर झालं. सहावी-सातवीच्या मुलांनी कपाटं वाहिली, करारातल्या चौथ्या कलमानुसार ('युवकांचा नागरी सहभाग').

नगराध्यक्षांना जीवशास्त्राची खोली दिली. सांगाडा हलवायला जागा नाही, म्हणून तो त्यांच्या खुर्चीमागेच उभा आहे. पहिल्याच म्हाताऱ्यानं विचारलं, "हे आधीचे का?"

घरपट्टी भरायची रांग तिसरीच्या वर्गासमोर लागते. दहाची घंटा झाली तशी अर्धी रांग सवयीनं आवारात पळाली! परत आले तोवर नंबर गेले, मग भांडणं. भांडणाऱ्या दोघांना मी भिंतीकडे तोंड करून उभं केलं. एक जण एकसष्ट वर्षांचा. उभा राहिला.

२८ नोव्हेंबर

आज नगराध्यक्षांना मुलांच्या शौचालयात सिगरेट ओढताना पकडलं. पंचवीस वर्षांत खिडकीसुद्धा बदलली नाही त्यानं.

२ डिसेंबर, शुक्रवार

सातवीला अर्जलेखन शिकवलं. बाकीच्या शाळांत मुलं काल्पनिक अर्ज लिहितात. आमच्याकडे जिना चढला की अधिकारी! अर्ज लिहिला, सतरा सह्या, वर जाऊन मिल्काकडून आवक क्रमांक घेतला. मिल्का म्हणजे नगरपालिकेची कारकून — चार नगराध्यक्ष पचवलेली बाई. तिनं चष्म्यावरून एकेकाकडे बघून शिक्का मारला.

विषय: मुलींच्या शौचालयाला तीन महिने दार नसणेबाबत.

पहिली सही कालीनाची. ही नगराध्यक्षांचीच मुलगी. धाकटा बोयान तिसरीत आहे. आई सप्टेंबरपासून स्टुटगार्टला, म्हाताऱ्यांची सेवा करते. घरी स्वयंपाक यावोर करतो. म्हणूनच दोन्ही मुलं कॅन्टीनमध्ये घेवड्याचं सूप दोनदा वाढून घेत असावीत.

कायद्यानं चौदा दिवसांत उत्तर द्यायलाच हवं. मुलांनी फळ्याच्या कोपऱ्यात दिवस मोजायला सुरुवात केलीय. लोकशाही अशी अंगात भिनली पाहिजे — तापासारखी.

१५ डिसेंबर

तेरावा दिवस. नगराध्यक्ष स्वतः पेचकस घेऊन हजर. सुतार परवडत नाही म्हणे. जुन्या नगरपालिकेतलं दार उपटून आणलंय. दोन तास खपला, बिजागरी उलटी लावली, शिव्या दिल्या (मुली बाहेर ऐकत होत्या, शब्दसंग्रह वाढला), पण लावलं.

दारावरची पाटी तशीच राहिली. आता मुलींच्या शौचालयावर ठळक अक्षरांत 'कर विभाग' आहे. गावातल्या म्हाताऱ्या म्हणतात, पहिल्यांदाच योग्य जागी लागली.

अर्जावर शेरा: 'तक्रार निकाली. यापुढे दारावर लाथा मारू नयेत.'

२२ डिसेंबर

आमच्याकडे भूमितीला माणूस नाही. नगरपालिकेच्या सर्वेअरकडे काम नाही — मोजायला जमीन आहे, विकत घेणारा कुणी नाही. तेव्हा तो आठवीला भूमिती शिकवतो. पोरं दोरी घेऊन आवारात फिरतात. चांगलं शिकवतो, मेला. मी दाराआडून ऐकलं. अर्थात यावोरला सांगितलं, "बरा आहे, खडू फार वापरतो."

९ जानेवारी, सोमवार

सुटी संपली. पाचवीतला त्सेको आला नाही. दुपारी त्याची आजी आली, हातात बानित्साचं, म्हणजे चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या पोळीचं ताट. "बाई, ते गेले सगळे. वालेन्सियाला. त्याच्या पुस्तकांचं काय करू?"

बानित्सा घेतली. पुस्तकं घेतली.

पंच्याऐंशी.

१८ जानेवारी

आता सगळं कळलं! दोन माणसं टेप घेऊन तळमजल्यावर फिरत होती. पहिलीचा वर्ग मोजला, दुसरीचा मोजला, कॅन्टीनच्या खिडक्यासुद्धा मोजल्या. ग्रोझ्दानकाकांनी — आमचं बॉयलर गेली तीस वर्षं तेच सांभाळतात — त्यांना विचारलं, "कशासाठी?" तर म्हणे, "नगराध्यक्षांना विचारा."

मिल्का जिन्यात भेटली. "मी काही बोलले नाही हं. पण त्याच्या टेबलावर नकाशा आहे. वर लिहिलंय — तळमजला, नवीन वापर."

नवीन वापर! ओसरी दिली, आता हातपाय पसरायला लागला. आधी दुसरा मजला, मग तळमजला, मग फेब्रुवारीत एखादं पोर कमी भरलं की अख्खी इमारत. आयती, गरम, सांगाड्यासकट!

वर गेले. दार न वाजवता.

"तळमजला कुणासाठी मोजतोयस?"

तो उभा राहिला. सवय. "बाई, महिनाभर थांबा. आत्ता बोलता येत नाही."

"का?"

"शब्द दिलाय."

"मला दिला नव्हतास? बारा कलमं होती ना त्यात?"

कान लाल झाले त्याचे. सातवीतही असेच व्हायचे — खोटं बोलताना. (की नुसतं ओरडल्यावर? आठवत नाही. ओरडायचेच मी सारखी.)

२० जानेवारी

सह्यांची मोहीम सुरू. 'शाळेच्या इमारतीवरील अनधिकृत ताबा थांबवा.' मथळा माझा. पहिल्याच दिवशी चौसष्ट. ग्रोझ्दानकाकांनी मात्र केली नाही.

"बाई, पोरगा रोज सकाळी सहाला येऊन माझ्याबरोबर लाकडं फोडतो."

"फोडेलच. त्याचीच इमारत व्हायचीय."

काका भट्टीकडे वळले. राख काढायला लागले.

२७ जानेवारी

दोनशे बारा सह्या. सध्या यावोर आणि मी एकमेकांशी लेखी बोलतो. त्यांचं पत्र खाली येतं, माझं वर जातं, मधे पंचवीस पायऱ्या. मिल्का दोन्हींवर शिक्के मारते आणि म्हणते, गुडघे गेले माझे तुमच्या सहकार्यानं.

१ फेब्रुवारी

बर्फ. सकाळी दार उघडेना. घाट बंद, वीज जाते-येते. शाळेला सुटी जाहीर केली. कुणी पाळली नाही! दहापर्यंत अर्धं गाव शाळेत. गावात गरम इमारत एकच ना.

३ फेब्रुवारी

तिसरा दिवस. व्यायामशाळेत म्हातारे, ग्रंथालयात तान्ही मुलं, माझ्या खोलीत तीन कोंबड्या (मालकीण म्हणते, त्या गारठल्या तर मला कुणाची सोबत?). कॅन्टीनमध्ये प्रत्येकानं घरातून आणलेलं आंबवलेल्या कोबीचं पिंप. वास असा की जिल्ह्याचा अधिकारी आला असता तर दारातूनच परत गेला असता.

दुपारी ग्रोझ्दानकाका वर आले. "बाई, संध्याकाळपर्यंतचंच लाकूड आहे." जंगलातला साठा जंगलात, ट्रॅक्टर बर्फात.

यावोर तिथेच उभा होता. आम्ही पंधरा दिवस एकमेकांशी तोंडी बोललो नव्हतो. कोट घातला, आठ-दहा माणसं घेतली, जुन्या नगरपालिकेत गेला. तासाभरात घसरगाडीवर सामान यायला लागलं — फळ्या, कपाटं, सभागृहातल्या खुर्च्या. शेवटी ते ओकचं व्यासपीठ. त्यावर उभं राहून सहा नगराध्यक्षांनी गावाच्या उज्ज्वल भविष्याची भाषणं ठोकलीत.

"नोंद करा गं मिल्का," यावोर म्हणाला, "मालमत्ता वापरात आणली."

दीड दिवस जळलं. उत्तम वाळलेलं लाकूड. इतक्या भाषणांनी वाळणारच.

त्याच्या हाताला फळीचा खिळा लागला होता. मी पट्टी बांधली. करारात आहेच — सर्वतोपरी मदत.  

९ फेब्रुवारी, गुरुवार

रस्ता उघडला, आणि रस्ता उघडला की माणसं जातात. चौथीतल्या आयलीनची आई सेव्दा दाखला मागायला आली. नवरा ग्रीसमध्ये, सलोनिकाला बांधकामावर आहे, हीही निघालीय, मुलीला घेऊन.

चौऱ्याऐंशी! मी दाखला दिला नाही. शिक्का सापडत नाही म्हणाले. एकोणतीस वर्षं नोकरी करून ही वेळ.

मग वर गेले. (दार वाजवून.) म्हटलं, तुझ्या इमारतीचं नंतर बघू, आधी चल माझ्याबरोबर.

सेव्दानं कॉफी केली, अक्रोडाचा मुरंबा पुढे ठेवला. मी माझं भाषण केलं — मुलीचं वर्ष, भाषा, परकी शाळा. ती ऐकत होती. मग यावोरकडे वळली.

"आणि तुम्ही काय सांगायला आलात, नगराध्यक्ष? तुमच्या बायकोला का नाही थांबवलंत?"

मी कप खाली ठेवला. वाटलं, आता उठून जाईल.

"थांबवता आलं नाही," तो म्हणाला. "तुम्हालाही थांबा म्हणत नाही. फक्त जूनपर्यंत म्हणतोय. जूनमध्ये मी स्वतः गाडीनं सोडतो दोघींना सीमेपर्यंत."

"जूनमध्ये काय होणारे?"

"कदाचित काम असेल इथं. खात्री नाही. असती तर सांगितलं असतं."

असा कोण बोलतो? निवडून आलेला माणूस आणि म्हणतो खात्री नाही! सेव्दानं मुरंब्याची बशी त्याच्याकडे सरकवली. मग म्हणाली, "जूनपर्यंत. आयलीनला तसंही भूमितीवाल्या सरांची दोरी धरायची असते."

बर्फातून परत निघालो. कोपऱ्यावर म्हणाला, "बाई, शिक्का सापडला का?"

"गप."

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

नगरपरिषदेची सभा. सातवीच्या वर्गात, कारण सभागृह जाळलं. अकरा नगरसेवक बाकांवर, गुडघे हनुवटीला. मी मागे, मांडीवर दोनशे बारा सह्या, तयारीत. भाषण पाठ. पहिलंच वाक्य होतं — 'भिंती गिळणाऱ्यांनो'.

यावोर उभा राहिला. खडूनं फळ्यावर नकाशा काढला (सरळ रेषा अजून येत नाही).

जुनी नगरपालिका दहा वर्षं भाड्यानं शिवणकामाच्या कारखान्याला. मे महिन्यापासून. बावीस बायकांना काम. करारावर काल सही झाली — मालकानं तोवर तोंड बंद ठेवायची अट घातली होती, शेजारचं गावही मागे लागलं होतं म्हणून.

नगरपालिका कायमची शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर. भाड्याचे पैसे शाळेच्या छपराला.

तळमजला — बालवाडीला. कामावर जाणाऱ्या आयांची पोरं तिथं. पहिली-दुसरी वर सरकणार, दक्षिणेकडे, उन्हात.

"म्हणजे तीन वर्षांचं पोर एकदा या दारातून आत आलं," तो म्हणाला, "की चौदाव्या वर्षीच बाहेर पडेल. पट भरायचा दुसरा मार्ग मला सुचला नाही. सुचला असता तर... मी गणितात कच्चा होतो. बाईंना विचारा."

सगळे मागे वळले.

मी सह्यांच्या गठ्ठ्यावर बसले होते. खरोखर — मांडीखाली सरकवला होता तोवर.

"मुख्याध्यापकांना काही बोलायचंय?" मिल्का म्हणाली. तिला सगळं माहीत होतं, सटवी!

"रेषा वाकड्या आहेत," मी म्हटलं. "बाकी ठीक."

अकरापैकी नऊ हात वर.

२५ फेब्रुवारी

सह्या ग्रोझ्दानकाकांना नेऊन दिल्या. "वाळलेल्या आहेत," म्हटलं. त्यांनी एकेक कागद बघत भट्टीत टाकला. मग हळूच, "बाई, यात माझ्या बायकोची पण होती?"

"तिसऱ्या पानावर."

"चांगलं जळतंय," काका म्हणाले.

यावोरची माफी मागायला हवी. एकोणतीस वर्षांत विद्यार्थ्याची माफी कशी मागतात ते शिकले नाही. सोमवारी बघू.

२७ फेब्रुवारी

माफी मागितली. म्हणजे, "सिगरेट ओढायची तर माझ्या खोलीत ओढ, खिडकी उघडून," असं म्हटलं. त्याला कळलं बहुतेक.

२९ फेब्रुवारी, बुधवार

जिल्ह्याचा अधिकारी आला. वर्गावर्गात जाऊन डोकी मोजली, दोनदा. आयलीनला ताप होता, सेव्दानं तिला शालीत गुंडाळून उचलून आणलं. बोयान आणि कालीना पहिल्या बाकावर, ताठ.

पंच्याऐंशी. सही. शिक्का. तीन वर्षं!!

१ मार्च

सकाळपासून सगळ्यांच्या मनगटाला लाल-पांढरे दोरे — वसंत आला म्हणून आज एकमेकांना बांधायचे. माझ्या हातावर नऊ. साडेदहाला यावोर आला. टाय नाही. दोन अर्ज पुढे ठेवले, नमुन्याप्रमाणे, आवक क्रमांकासकट. शाळा सोडल्याचे दाखले मिळणेबाबत. कालीना. बोयान.

"उद्याची बस आहे. आईकडे जातायत, स्टुटगार्टला."

"आणि तू?"

"मी कुठं जाणार, बाई. चार वर्षांसाठी निवडून आलोय."

मिल्काला जिन्यात गाठलं. मुलांची तिकिटं नाताळची होती म्हणाली. यावोरनं दोनदा बदलली. बोयान रोज संध्याकाळी फोनवर आईला विचारायचा, मोजणी कधी आहे.

परत आले तरी यावोर माझ्या खोलीत उभाच. मी 'बस' म्हटलंच नव्हतं. शाई संपलीय म्हणून सांगितलं आणि आतल्या खोलीत गेले. शाई भरपूर होती.